फुली आणि चौकडा

विहीणबाईंच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, आपण अंगाऱ्याची पुडी जपून ठेवतो तसा, टिशूपेपरात गुंडाळलेला एक बिल्ला होता. गोल पट्टा, त्यात तलवार धरलेला हात आणि भोवती लॅटिन अक्षरं: एक तर शांतता, नाही तर युद्ध. "ह्यांचा," त्या म्हणाल्या आणि तो माझ्या तळहातावर ठेवला.

त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. कॅनडात, ऑन्टारिओत जन्म काढला, शाळेत गणित शिकवलं. स्कॉटलंडला ते कधीच आले नव्हते. पण उन्हाळ्यात गावाजवळ हायलंड खेळ, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागातले पारंपरिक खेळ, भरायचे, तिथे हा बिल्ला लावून जायचे. आडनाव विल्सन, पण कोणी विचारलं की सांगायचे, "आम्ही मूळचे गन." गन म्हणजे स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाचं, केथनेस-सदरलंडकडचं कुळ. ते कसं, हे मात्र त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं आणि वडिलांना आजोबांनी.

आता त्यांच्या मुलाचं माझ्या लेकीशी लग्न ठरलेलं. दोघंही एडिंबराला नोकरीला. लग्न जूनमध्ये, नवरदेव किल्ट नेसणार, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा तो गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा. हाताने शिवलेल्या किल्टला दोन-अडीच महिने सहज जातात, म्हणून विहीणबाई आदल्या ऑक्टोबरातच तीन आठवड्यांसाठी येऊन दाखल झाल्या. मीही तिथेच होते. लेक म्हणाली, "आई, तू जा ना त्यांच्याबरोबर. तुला जुन्या कागदांची आवड आहे." आवड कसली, बँकेत पस्तीस वर्षं सह्या पडताळण्यात गेली, सवय म्हणा हवं तर.

पहिल्या दिवशी आम्ही किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका दुकानात शिरलो. असली दुकानं तिथे पावलोपावली आहेत. भिंतीवर आडनावांचा तक्ता, फिरत्या स्टँडवर कुळाकुळाच्या की-चेन. विक्रेत्या मुलाने "विल्सन" ऐकलं आणि तक्त्याकडे न बघताच म्हणाला, "गन." विहीणबाईंचा चेहरा उजळला. तेवढ्यात तक्त्यावर माझं बोट सरकत गेलं: विल्सनपुढे दोन नावं होती. गन आणि इनेस. मी विचारलं, "मग दोन्हींपैकी कोणतं?" तो खांदे उडवून म्हणाला, "जो रंग आवडेल तो." किल्टचं चौकड्याचं कापड म्हणजे टार्टन, आणि कुळागणिक त्याचा नमुना वेगळा. गनचा चौकडा हिरवा-निळा, त्यात काळा आणि एक बारीक लाल रेघ. इनेसचा लालभडक. विहीणबाई काही न बोलता बाहेर आल्या.

विल्सन म्हणजे विलचा मुलगा, बस. विल नावाचा बाप कुठल्या गावात नव्हता? आपल्याकडे पाटील म्हटलं की कुठले पाटील हा प्रश्न उरतोच, तसं ते आडनाव. मोठ्या कुळाच्या आश्रयाने राहणाऱ्या लहानसहान आडनावांना तिथे 'सेप्ट' म्हणतात. कुठलं आडनाव कुठल्या कुळाचं सेप्ट, याच्या याद्या छापलेल्या असतात आणि त्या यादीच्या जोरावर कोट्यवधी लोकांना कुळ मिळतं. 'क्लॅन' हा शब्द गेलिक, अर्थ मुलंबाळं. पण प्रमुखाच्या जमिनीवर राहणारी, त्याच्या बाजूने लढणारी माणसंही त्याचं नाव लावायची, रक्ताचा संबंध असो नसो. आणि नाव टाकायचीही. मॅकग्रेगर हे आडनाव १६०३ साली कायद्याने बंद केलं गेलं. नाव सांगितलं तर जिवावर बेतायचं. ती बंदी कायमची उठायला १७७४ उजाडलं. मधल्या काळात मॅकग्रेगर कँबेल झाले, मरे झाले, ग्रँट झाले. तेव्हा तक्त्यावर बोट ठेवून पूर्वज सापडत नाहीत. त्यासाठी दफ्तरात जावं लागतं.

ते दफ्तर म्हणजे प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाचं जनरल रजिस्टर हाउस. रॉबर्ट ॲडमने आखलेली अठराव्या शतकातली इमारत. दारासमोर उधळलेल्या घोड्यावर एक ब्राँझचा सरदार. पाटी वाचली आणि मी थबकले. ड्यूक ऑफ वेलिंग्टन. म्हणजे आपला वेलस्ली! भोकरदनजवळच्या असईला १८०३ साली शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तो. त्या लढाईत त्याच्याकडे ७४ आणि ७८ नंबरच्या दोन हायलंडर पलटणी होत्या; चौऱ्याहत्तरच्या पलटणीची त्या दिवशी दाणादाण उडाली, आणि पुढे त्यांच्या मानचिन्हात असईचं नाव आणि हत्ती आला. मी हे विहीणबाईंना सांगितलं. त्या घोड्याकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे कुणाच्या तरी पणजोबांनी तुमच्या कुणाच्या तरी पणजोबांवर गोळी झाडली असेल." मी म्हटलं, "आणि उलटही." मग आम्ही दोघी आत गेलो.

लगतच्या न्यू रजिस्टर हाउसमध्ये घुमटाखाली गोलाकार दालन आहे आणि भिंतीभर मजल्या-मजल्याने वह्या. जन्माच्या लाल, मृत्यूच्या काळ्या, लग्नाच्या हिरव्या. आता सगळं संगणकावर दिसतं, वह्यांना हात लागत नाही. पण त्या रंगांच्या रांगांकडे मान वर करून बघितलं की एका अख्ख्या देशाचं येणं-जाणं डोक्यावर रचून ठेवल्यासारखं वाटतं. स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्ममृत्यू नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. त्याआधीच्या नोंदी चर्चच्या, जशा ठेवल्या तशा. सगळ्यांत जुनी १५५३ची, पर्थशरमधल्या एरल गावची.

आमच्या हातात काय होतं? घरातल्या बायबलच्या पहिल्या पानावरची एक ओळ: विहीणबाईंच्या यजमानांच्या पणजोबांचं नाव, पेझली हे गाव, आणि १८५५. ती ओळ ऐकून शेजारच्या खुर्चीवरचे एक म्हातारे गृहस्थ आमच्याकडे वळून म्हणाले, "नशीबवान आहात." का, ते नोंद उघडल्यावर कळलं. पहिल्या वर्षी सरकारी कारकुनांनी उत्साहाच्या भरात इतके रकाने आखले होते की काही विचारू नका. बाळाचं नाव, वेळ, आईबापाचं वय, दोघांचं जन्मगाव, लग्न कधी आणि कुठे झालं, आधीची मुलं किती, जिवंत किती, गेलेली किती. पुढच्याच वर्षी एवढं लिहिणं झेपेना म्हणून बरेच रकाने गाळले. म्हणजे १८५५ मध्ये जन्मलेल्याच्या वंशजांची चंगळ.

पण तिथपर्यंत पोचायला दीड दिवस गेला. पेझलीत त्या वर्षी विल्सन आडनावाची इतकी मुलं जन्मली होती, आणि त्यांत जॉन, जेम्स आणि विल्यम सोडून जणू नावच नाही. याला कारण आहे: थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, थोरल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं. "अहो, हे तर आमच्याकडेही," मी म्हटलं. माझ्या भावाचं पाळण्यातलं नाव आजोबांचंच. घरात कुणी हाक मारायची म्हटलं तरी आजीची पंचाईत. तीच रीत धरून, भावंडांच्या नावांवरून उलटा हिशेब मांडत, आम्ही चार कुटुंबांची दोन केली आणि दोनांचं एक.

ती नोंद मी अजून डोळ्यांपुढे आणू शकते. तिरकं, दाट अक्षर, शाई तपकिरी. बाप विल्सन, वय ३१, जन्म पेझली. धंदा: शाल विणणारा. आई: मॅकिंटायर, वय २८, जन्म ग्लेनॉर्की, अर्गाइल. आधीची मुलं: दोन जिवंत, एक मुलगा मृत. आणि शेवटच्या रकान्यात, माहिती देणाऱ्याची सही म्हणून, एक फुली. फुलीच्या दोन बाजूंना कारकुनाने लिहिलेलं: 'तिची', 'खूण'. बाळंतीण स्वतः गेली असणार नोंदवायला. फुलीची एक रेघ जाड आणि दुसरी निम्म्यात फाटलेली, टाकावर जोर दिल्यासारखी. बँकेत मी शेकडो अंगठे उमटवून घेतले. बायका आधी पदराला बोट पुसायच्या आणि मग पुढे करायच्या. ही फुली तशीच, घाबरत आणि ठासून मारलेली.

विहीणबाई बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गन कुठे आहे?"

गन कुठेच नव्हतं. मागचं चर्चच्या नोंदींत आणखी दोन पिढ्या मिळालं: विल्सन, विल्सन, सगळे पेझली आणि आसपासचे, सगळे मागावर बसणारे. पेझली लोलंडमध्ये, म्हणजे दक्षिणेच्या सखल भागात, ग्लासगोच्या बगलेत. तिथल्या विणकऱ्याने किल्ट नेसला असण्याची शक्यता आपल्या इचलकरंजीच्या मागवाल्याने फेटा बांधून घोड्यावर बसण्याइतकीच.

पेझली म्हटल्यावर माझ्या डोक्यात मात्र वेगळीच घंटा वाजली. संध्याकाळी घरी आल्यावर मी लेकीच्या कपाटातून माझीच पैठणी काढली आणि पदरावरच्या कोयरीवर बोट ठेवलं. "याला इंग्रजीत काय म्हणतात?" विहीणबाई म्हणाल्या, "पेझली." आणि मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. काश्मिरी शालींचं वेड युरोपात शिरल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पेझलीच्या मागांवर त्यांच्या नकला निघू लागल्या, आणि इतक्या निघाल्या की नक्षीलाच गावाचं नाव चिकटलं. अमृतसरच्या बाजारात सुद्धा आता बाई "पेझली प्रिंट" मागते. तेव्हा ह्या विल्सनांचं खानदानी कापड कुठलं असेल तर ते हे. चौकडा नव्हे, कोयरी. १८७०च्या सुमारास शालींची फॅशन गेली, माग थंडावले, आणि त्या १८५५च्या बाळाने पंचविशीत ऑन्टारिओची बोट धरली. जाताना बरोबर काय नेलं माहीत नाही. गन कुळाची गोष्ट बहुधा त्याला कॅनडातच मिळाली. परमुलखात गेलेल्या माणसाला कुळ लागतं. गावात असताना कोणाला लागत नाही, गाव पुरतं.

आता चौकड्यांचं. कुळाकुळाचा चौकडा अनादी काळापासून ठरलेला, ही समजूत त्या देशात शिरणाऱ्या प्रत्येकाची असते, माझीही होती. चौकड्याचं कापड जुनं आहे खरं. एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात फॉलकर्कजवळ सापडलेला एक चिंधीएवढा तुकडा आहे, तिसऱ्या शतकातला, तपकिरी आणि पांढरट. रोमन चांदीच्या नाण्यांनी भरलेल्या मडक्याच्या तोंडात तो कोंबलेला होता. पण त्या चौकड्याला आडनाव नाही. १७४६ साली कलोडनच्या माळावर जॅकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्यासाठी लढणाऱ्या बंडखोरांचा, पराभव झाला आणि त्याच वर्षी कायदा आला: हायलंडच्या पुरुषांनी हा पोशाख घालायचा नाही. सैन्यातल्यांना मुभा. म्हणजे इंग्रज सरकारच्या पगारावर असाल तर किल्ट, घरी असाल तर तुरुंग. १७८२ मध्ये कायदा रद्द झाला तोवर एक अख्खी पिढी त्याशिवाय मोठी झाली होती.

पुढची गंमत तर विणकऱ्यांच्या चोपडीतली. स्टर्लिंगजवळ बॅनकबर्नला एक कापड-पेढी होती, सैन्याला आणि बाजाराला चौकडे पुरवणारी. आडनाव? विल्सन! त्यांची १८१९ची नमुन्यांची वही प्रसिद्ध आहे. नमुन्यांना आधी नंबर असायचे. हळूहळू गिऱ्हाइकाच्या सोयीने नावं पडली. १८१५ साली लंडनच्या हायलंड सोसायटीने कुळप्रमुखांना पत्रं धाडली, आपापल्या चौकड्याचा तुकडा शिक्का मारून पाठवा. तेव्हा काही प्रमुखांनाच आपला चौकडा कोणता हे ठाऊक नव्हतं. आणि १८२२च्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. सोहळ्याची सगळी मांडणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटची. त्याने सगळ्यांना फर्मावलं, हायलंडच्या वेषात या. लठ्ठ राजा स्वतः लाल स्टुअर्ट चौकड्याचा तोकडा किल्ट आणि खाली गुलाबी तंग विजारी घालून उभा राहिला. त्या दोन-तीन आठवड्यांसाठी ज्याला त्याला आपला चौकडा हवा होता, आणि बॅनकबर्नचे माग रात्रंदिवस चालत होते. आज पेटाऱ्यात जपलेल्या कित्येक 'प्राचीन' चौकड्यांचं मूळ तिथे आहे.

हे वाचून विहीणबाई खिन्न होतील असं मला वाटलं. त्या हसल्या. "म्हणजे आमचं नसलेलं कुळ आमच्याच आडनावाच्या कुणीतरी विणून दिलं."

तरी किल्ट तर हवाच होता. लेकीचं म्हणणं, सरळ नवा चौकडा काढू. तशी सोय आहे. २००९ पासून सरकारी नोंदवही आहे चौकड्यांची, कोणीही आपला नमुना धाग्यांच्या हिशेबासकट नोंदवू शकतं. सिंग आडनावाचाही चौकडा आहे! मी मात्र मनातून मॅकिंटायरच्या बाजूची झाले होते. मॅकिंटायर म्हणजे गेलिकमध्ये सुताराचा मुलगा. ग्लेनॉर्कीच्या डोंगरातून पेझलीच्या गिरणगावात आलेली ती फुलीवाली बाई. साऱ्या वंशात हायलंडची म्हणावी अशी ती एकटीच, आणि तिच्या कुळाचा चौकडा खरोखरच आहे. कागदाचा आधार असलेला एकमेव. त्या देशाच्या कागदांची ही गोष्ट मला फार आवडली: बाईचं माहेरचं नाव कुठेही पुसलेलं नसतं. लग्नाच्या नोंदीत, मुलाच्या जन्माच्या नोंदीत, तिच्या मृत्यूच्या नोंदीत आणि कितीदा तिच्या थडग्याच्या दगडावरही. सासरी पन्नास वर्षं काढून ती मॅकिंटायरच मरते. तिच्या मृत्यूची नोंदही आम्ही काढली, १८९१ची. तिच्या आईचंही माहेरचं नाव त्यात होतं. एका फुलीपासून मागे अजून एक बाई.

किल्ट शिवणाऱ्या बाईंकडे आम्ही गेलो तो दिवस पावसाचा. टेबलावर आठ वार कापड पसरलेलं. नऊवारीला एक वार कमी, असं मी म्हटलं आणि ते समजावून सांगण्यात पाच मिनिटं गेली. निऱ्या मात्र मागे, आणि प्रत्येक निरी अशी मोजून घालायची की मिटल्यावर चौकडा जसाच्या तसा दिसला पाहिजे. कापड निम्म्याहून जास्त आत दडून जातं आणि बाहेरून वाटतं काही दुमडलेलंच नाही. त्या खडूने खूण करत होत्या, टाचण्या तोंडात. त्यांनी एक कडा उलटून दाखवली: उभ्या धाग्यांत रंगांचा जो क्रम तोच आडव्यांत, एका धाग्याचाही फरक नाही. सहा रंगांचे धागे घेतले तर एकमेकांवरून जाऊन एकवीस छटा होतात. सहा शुद्ध, पंधरा मिसळलेल्या. आमचे गणिताचे मास्तर असते तर खूश झाले असते, असं विहीणबाई स्वतःशीच बोलल्या.

"तर कोणता?" टाचण्या काढून बाईंनी विचारलं. नमुन्यांचे दोन तुकडे समोर होते: गन आणि हिरवा मॅकिंटायर. मी विहीणबाईंकडे पाहिलं. मला खात्री होती.

त्यांनी गनवर हात ठेवला.

बाहेर पडल्यावर छत्री उघडताना मी विचारलंच. बोलण्यात थोडी नाराजी असणार, कारण त्या थांबल्या. म्हणाल्या, "त्या बाईची फुली कागदावर आहे. लाल वहीत. ती कुठे जात नाही. ह्यांचं मात्र जे होतं ते कापडावरच होतं." मग पर्समधून बिल्ला काढून पाहिला आणि परत टिशूत गुंडाळला. रस्ताभर आम्ही बोललो नाही. चहाच्या वेळेला त्यांनीच विषय काढला, की लग्नात त्या स्वतः कोयरीची शाल घेणार आहेत, जुन्या बाजारात मिळते का बघू.

डिसेंबरात मी पुण्याला परत आले. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत माळ्यावरच्या ट्रंकेत आहे, जाड पुठ्ठ्याचा, वाळवीने एक कोपरा खाल्लेला. वडिलांनी वर्गणी भरून घेतलेला. पूर्वी मी तो फक्त स्वतःचं नाव शोधायला उघडायची. 'कन्या', त्यापुढे नाव, 'विवाहित', आणि ओळ संपली. माझी लेक त्यात नाही, तिचं लग्नही येणार नाही. या वेळी मी पणजोबांचं पान काढलं. चार मुलगे, त्यांची शिक्षणं, एकाची इंदूरची नोकरी, एकाने विहीर बांधली तेही. आणि पणजी: 'पत्नी अन्नपूर्णा. माहेर' आणि पुढे एक आडवी रेघ.

सांगलीच्या आत्याला फोन केला. तिला ऐकू कमी येतं, दोनदा सांगितलं. "पणजीचं माहेर? अगं, सगळे तिला काकी म्हणायचे. तिच्या माहेरचं कोण कधी आलंच नाही. तुला कशाला हवंय आता?" मी म्हटलं, असंच. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. रात्री झोप लागली नव्हती म्हणाली. "वाईकडची होती हे नक्की. कृष्णेच्या घाटाचं सांगायची. आडनाव एक तर लिमये, नाही तर भिडे. काहीतरी एक."

मी ट्रंक पुन्हा खाली ओढली आणि त्या रेघेवर पेन्सिलीने दोन्ही लिहून ठेवली.